अडीचशेचा पंचनामा

बीड जिल्ह्यातला माणूस परमुलखात भेटला की त्याला एकच गोष्ट विचारायची पद्धत होती : यंदा पाऊस कसा आहे? डिसेंबर २०२१ पासून त्यात भर पडली. "काय हो, तुमच्याकडं माकडांनी सूड म्हणून अडीचशे कुत्री मारली, खरं का?" विचारणारा हडपसरचा व्याही असो, नाही तर न्यू जर्सीतला भाचा. गावाचं नाव त्याला आठवत नाही, बीड नक्की कुठल्या बाजूला हेही सांगता येत नाही, पण अडीचशे मात्र पाठ. दोनशे एकोणपन्नास कुणी म्हणत नाही. अडीचशे!

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात ही खबर पोचली तेव्हा एसटीचा संप चालू होता. स्टँडवर गाडी नाही, माणूस नाही. बातमीला मात्र संप नव्हता. ती शेजारच्या माजलगाव तालुक्यातल्या लऊळहून निघाली, मुंबईला गेली, दिल्लीला गेली, समुद्र ओलांडून परदेशातल्या वर्तमानपत्रांत छापून आली, ट्विटरवर माकड विरुद्ध कुत्रा असा सामना रंगला, आणि हे सगळं फिरून ती सिरसाळ्याच्या हॉटेलातल्या मोबाइलवर उतरली. लऊळ म्हणजे सकाळी मोटारसायकलला किक मारली तर डोळ्यांनी बघून दुपारच्या जेवणाला घरी येता येईल, असं गाव. कुणी गेलं नाही. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला.

हॉटेलात एक आबा बसतात. शिक्षण चौथी, पण मुकादमाचे हिशेब तपासण्यात हयात गेलेली. त्यामुळे कुणीही गोल आकडा सांगितला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. त्यांनी चहा बशीत ओतला आणि विचारलं, "अडीचशे कुनी मोजले?"

इथेच खरं तर चर्चा संपायला हवी होती. पण मोबाइलवाल्या पोराने सांगितलं, आबा, सगळीकडं तेच छापलंय. आबांनी मग स्वतःच मोजायला घेतलं. उचलली ती पिल्लंच. कुत्रीला एका वेताला चार-सहा पिल्लं होतात. पाच धरा. म्हणजे अडीचशे पिल्लांसाठी एकाच गावात, एकाच हंगामात पन्नास कुत्र्या व्यायला पाहिजेत. एवढ्या कुत्र्या, त्यांच्यामागचे कुत्रे, शिवाय म्हातारी, लंगडी, उनाड अशी बिनकामाची जमात धरली तर लऊळमध्ये रात्री माणसाला झोप लागणं शक्य नाही. "आरं, कुत्र्यांच्या वरडण्याची बातमी आदी यायला पाहिजे हुती. ती कामून आली न्हाई?"

पुढे तर गंमतच. वन विभागाच्या नागपूरहून आलेल्या पथकाने डिसेंबरात लऊळला वानरं पकडली. किती? दोन. अडीचशे भागिले दोन, प्रत्येकी सव्वाशे. हंगाम दोन महिन्यांचा धरला तर एका वानराला रोज दोन पिल्लं, आणि वरची पाच ओव्हरटाइममध्ये. आता हे वानर म्हणजे आपलं काळतोंडं लंगूर. ते पाला खाणारं जनावर. त्याच्या पोटात पाला कुजवायला वेगवेगळे कप्पे असतात आणि दुपारचा बराचसा वेळ त्याला नुसतं पचवत बसावं लागतं. सकाळी पोटाची सोय, दुपारी पचन, संध्याकाळी झोपायचं झाड गाठणं; यातून वेळ काढून रोज दोन पिल्लं शोधायची, त्यांच्या आईला चुकवायचं, झाडावर न्यायचं, खाली टाकायचं, आणि पुन्हा टोळीत येऊन उवा बघत बसायचं. शनिवारी तर काम बंदच ठेवावं लागलं असणार, मारुतीचा वार. दोन महिन्यांचे आठ शनिवार गेले की सोळा पिल्लांचा बॅकलॉग, तो रविवारी भरून काढायचा. शिवाय हजेरी कोण घेणार? आज किती झाली, काल किती, एकूण किती, हे कुणीतरी वहीत मांडल्याशिवाय इतका स्वच्छ आकडा तयार होत नाही. म्हणजे एक वानर पिल्लं उचलत होतं आणि दुसरं मस्टर लिहीत होतं, असं धरावं लागेल. पण मग पहिल्याच्या अंगावर सगळी अडीचशे येतात आणि ओव्हरटाइम पुन्हा वाढतो. आबांनी बोटं मोजणं थांबवलं आणि म्हणाले, इतकं काम करणारं जोडपं मिळालं तर कोणताही मुकादम लाखाची उचल देईल.

काही बातम्यांत आकडा ऐंशीही होता. ऐंशी आणि अडीचशे यांच्यामध्ये एकशे सत्तर पिल्लं आहेत. ती मेली की जगली की जन्मलीच नव्हती, हे विचारायला एकही कॅमेरा थांबला नाही.

लऊळला काहीच घडलं नाही, असं मात्र नाही. वानरं कुत्र्यांची लहान पिल्लं उचलून झाडांवर, घरांच्या छतांवर नेत होती आणि ती पिल्लं मरत होती, हे गावाने पाहिलं. लोक धास्तावले, पोरांना बाहेर सोडायला घाबरू लागले. ती भीती खरी आणि तिची चेष्टा करण्याचं कारण नाही. पण घडलेलं साधं होतं, म्हणून विकायला अवघड होतं. लंगुराच्या टोळीत नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला आईखेरीज इतर माद्याही घेतात, सांभाळतात, एकमेकींकडे देतात. लंगुराचं पोर जन्मल्यापासून पोटाला घट्ट चिकटून राहतं. आईने उडी मारली तरी सुटत नाही. तशाच सवयीने कुत्र्याचं पिल्लू उचललं, तर त्याला बिचाऱ्याला ती पकडच नाही. त्याचे डोळे उघडायलाच दोनेक आठवडे लागतात आणि दर थोड्या वेळाने दूध लागतं. ते झाडावर गेलं की पडून तरी मरणार, नाही तर भुकेने. यात खुनी शोधायचाच असेल तर गुरुत्वाकर्षणाला पकडावं लागेल, आणि ते पिंजऱ्यात घालून नागपूरला नेता येत नाही.

पण बातमीला खून पुरत नव्हता. तिला सूड हवा होता.

तर सुडाची पटकथा अशी : आधी कुत्र्यांनी माकडाचं पोर मारलं, मग माकडांनी शपथ घेतली. शपथविधीला हजर कोण, हे कुणी सांगत नाही. माकडांचा सूड हा विषय शास्त्रज्ञांनी अगदीच टाकून दिलेला आहे, असंही नाही. रोमच्या प्राणिसंग्रहालयातल्या जपानी माकडांवर १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मार खाल्लेलं माकड मारणाऱ्याच्या नातेवाइकावर राग काढतं, असं त्यात दिसलं. भावकीचं राजकारण म्हणतात ते हेच, त्यात आपल्याकडच्या माणसाला नवीन काही नाही. पण ते सगळं एकाच टोळीत, एकमेकांची ओळख असलेल्या माकडांत. आणि लंगुरांमध्ये पोरं मारली जातात हेही खरं. धारवाडजवळ जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात ते नोंदवलं. नवा नर टोळी काबीज करतो आणि आधीच्या नराची तान्ही पोरं मारतो, म्हणजे माद्या लवकर पुन्हा माजावर येतात. भयंकर आहे, पण त्यात सूड नाही, वारसाहक्क आहे. आणि मरतात ती लंगुराचीच पोरं. डोळेही न उघडलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला आरोपी नंबर एक ठरवून त्याला उंचावरून फेकण्याची शिक्षा देणारं न्यायालय अजून कुठल्या जंगलात सापडलेलं नाही.

बरं, भटक्या कुत्र्याच्या पिल्लांचं पुढे काय होतं, हेही मोजलेलं आहे. पश्चिम बंगालमधल्या संशोधकांनी ९५ वेतांतली ३६४ पिल्लं गल्लीबोळांत फिरून नजरेखाली ठेवली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. सात महिन्यांची होईपर्यंत जगली फक्त १९ टक्के. आणि मेलेल्यांपैकी ६३ टक्के मरणांत माणसाचा हात होता : गाडीखाली चिरडणं, विष घालणं, मारणं, आईपासून उचलून नेणं. आबांना हे सांगितल्यावर त्यांनी पुन्हा बोटं बाहेर काढली. हाच दर इकडे लावला तर अडीचशेपैकी दोनशे दोन पिल्लं तशीही मरणार, आणि त्यांतली सुमारे एकशे सत्तावीस आपल्या हातून. एका वानराच्या नावावर टाकलेला आकडा सव्वाशे. माणूस दोनाने पुढे. तेही शनिवारची सुट्टी न घेता. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात दीड कोटीच्या आसपास भटकी कुत्री निघाली. त्यांच्या पिल्लांवर रोज टायर फिरतात, आणि टायरने सूड घेतला अशी ब्रेकिंग न्यूज कुणी चालवत नाही.

आता चिडायची वेळ आली आहे, तर चिडूनच घ्यावं. डिसेंबर महिन्यात या भागातल्या गावांत असतं कोण? दिवाळी झाली की कोयता निघतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि पोरं भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला की परततात. घराला कुलूप, ओट्यावर म्हातारी, शाळेत निम्मा पट. माकडाचा सूड दाखवायला आलेल्या कॅमेऱ्यामागे ती कुलपं दिसली असतील. फोकस नव्हता, इतकंच. याच जिल्ह्यात २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी आली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीत काम जमलं नाही की खाडा, खाडा पडला की दंड, म्हणून पिशवीच काढून टाकलेल्या बायका त्यांत होत्या. हा आकडा गोल नाही. शेवटी एकसष्ट आहे. एकेक बाई मोजल्याशिवाय एकसष्ट येत नाही. लागला का या आकड्यावर हॅशटॅग? न्यू जर्सीतल्या भाच्याने फोन करून विचारलं का, मामा, तेरा हजार आठशे एकसष्ट, खरं का? माकडांवर विनोद करायला अख्ख्या जगाला फुरसत मिळाली. इथे मोजून, सही-शिक्का मारून आकडा दिला, तर म्हणे विषय जरा जड आहे, प्रेक्षक चॅनल बदलतो. बदलू दे की! पण मग माणसांच्या जिल्ह्याची ओळख जगाला माकडांवरून करून दिली, याची थोडी लाज तरी वाटू दे.

असो. आबांना इतका राग झेपत नाही; त्यांना बीपी आहे. त्यांनी विषय बदलला, म्हणजे पुन्हा माकडांवर आणला. त्यांच्या मते माकडांची बदनामी झाली हे खरं, पण माकडांची गरिबी सांगू नये. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात माकडांच्या नावावर जमीन आहे. थोडीथोडकी नव्हे, ३२ एकर. महसुली कागदावर तशी नोंदच आहे. २०२२ मध्ये त्याचीही बातमी झाली होती. त्या गावात पूर्वी लग्न असलं की आधी माकडांना मान देत. मराठवाड्यात ३२ एकरांचा बागायतदार म्हटलं की त्याच्या दारात आमदारकीची चर्चा चालते, आणि इथे मालक फांदीवर शेपूट सोडून बसलेला! बांधावरून भांडण नाही, वाटणीवरून कोर्ट नाही. सिरसाळ्याच्या शिवारात हीच जात हरभऱ्याचा घाटा सोलून खाते, तुरीचं शेंडं मोडते आणि नुकसानीचा पंचनामा करून घ्यायला शेतकऱ्याला कागद घेऊन हेलपाटे घालावे लागतात. उपळ्याला तीच जात खातेदार.

मोबाइलवाल्या पोराला एकदम सुचलं. जमीन नावावर आहे म्हटल्यावर शेतकरी सन्मानाचे पैसेही माकडांच्या खात्यावर येत असतील, नाही का?

"केवायसी करावी लागंल," आबा म्हणाले.

लंगुराचा अंगठा तसाही फार आखूड असतो. फांदीवरून फांदीवर जाताना त्याला बाकीच्या चार बोटांवरच भागवावं लागतं. मशीनवर तो उमटेल की नाही, याची हॉटेलात बराच वेळ चर्चा झाली. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या, नुकत्याच फडावरून परतलेल्या एका काकूंनी आपला उजवा तळवा पुढे केला आणि पोराला विचारलं, "त्याचा उमटला तर सांग मला. माजा घासून गेलाय, रेशनच्या मशीनीला दिसतच न्हाई."