शनवार पाळण्याची रीत : रिठदच्या रहिवाशांच्या माहितीकरिता

ज्या गावात सभास्थान नाही, तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी नाही, आणि सार्वजनिक प्रार्थनेस लागणारे दहा प्रौढ यहुदी पुरुष राहोत, एकही नाही, अशा गावात यहुदी धर्माचा नित्याचार कसा पाळावा या विषयावर मार्गदर्शनपर पुस्तक मराठीत आमच्या पाहण्यात आलेले नाही. आणि ही उणीव मौजे रिठद, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम येथील एका सेवानिवृत्त शाळामास्तराने भरून काढावी, याला त्याच्याजवळचा रिकामा वेळ यापलीकडे सबळ कारण दाखवता येणार नाही. अधिकाराचा प्रश्न कोणी काढीलच. त्याने आधी या तालुक्यात, ज्या विषयात ज्ञान आहे त्याच विषयावर सल्ला देणारी माणसे किती, हे मोजून यावे. मग आम्ही उत्तर देऊ. उमेदवारीच्या काळात पेणकडच्या एका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, कुटुंबाच्या शेजारी आमचे दोन वर्षे बिऱ्हाड होते, एवढीच काय ती आमची सनद.

कलम पहिले, इतिहासाचे. अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असे हा समाज परंपरेने सांगत आला आहे. पोथ्या समुद्रात गेल्या, पुढे भाषाही विसरली, वंशजांनी तेलाचा घाणा धरला आणि गावोगाव पांगून पेणचे ते पेणकर, केहीमचे ते केहीमकर, अष्टमीचे ते अष्टमकर झाले. इतक्या विस्मरणातून जे मोजके टिकले त्यात आठव्या दिवशीची सुंता होती, ‘शमा इस्राएल’ हे एक प्रार्थनावाक्य होते, जे बारशालाही म्हणत आणि मयतालाही, मासळीची पारख होती, आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा परिपाठ होता. शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आमच्याकडे शनिवारी तेल विकत घेत नाहीत, त्यांच्याकडे शनिवारी तेल काढीत नसत. गिऱ्हाईक आणि व्यापारी यांचे एवढे एकमत दुसऱ्या कोणत्याही वारी झालेले आम्हांस ठाऊक नाही.

पुढे केव्हातरी दावीद राहाबी नावाचा एक विद्वान कोकणात आला, त्याला या लोकांच्या यहुदीपणाची शंका आली, आणि त्याने बायकांपुढे मिसळ मासळीची पाटी ठेवून रांधायला सांगितले, अशी कथा आहे. बायकांनी पर आणि खवले दोन्ही असलेली मासळी तेवढी निवडली आणि उरलेली, ही आमच्यात खात नाहीत म्हणून, बाजूला सारली. राहाबीचे समाधान झाले व त्याने तिघांना विद्या शिकवून काजी केले. मासळीच्या एका पाटीवर जातपडताळणी उरकल्याचा दुसरा दाखला सरकारदप्तरी नसावा. (रिठदकरांनी ध्यानात ठेवावे: रोहू आणि कटला चालतो, मांगूर चालत नाही.) तरीही जो दाखला कोकणातल्या बायकांनी एका सकाळी मिळवला तो त्यांच्या वंशजांना इस्राएलात गेल्यावर पुन्हा मागण्यात आला, लग्नाच्या नोंदीत अडवणूक झाली, निदर्शने झाली, आणि १९६४ साली तिथल्या सरकारला हे लोक सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर करावे लागले. कागद पुरा असला तरी पुन्हा मागवला जातो, हा अनुभव केवळ वऱ्हाडचाच नव्हे हे वाचून आम्हांस थोडे बरे वाटले.

कलम दुसरे, खुद्द शनवाराचे. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले म्हणजे सुटतो. या अवधीत निषिद्ध असलेल्या कामांचे एकोणचाळीस प्रकार रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, मिश्ना या नियमसंग्रहात नोंदवले आहेत. आम्ही ती यादी एका दुपारी पारावर वाचून दाखवली. नांगरणी, पेरणी, कापणी, पेंढ्या बांधणे, मळणी, उफणणी, निवडणे, दळणे, चाळणे, कणीक मळणे, भाजणे ही पहिली अकरा कलमे होताच एक वृद्ध शेतकरी कान देऊन पुढे सरकले आणि म्हणाले, “हे त माह्याच घरचं लिवलं हाये बाप्पा.” आणि खरोखरच, जगातल्या इतक्या धर्मग्रंथांत सालदाराच्या कामाची इतकी बिनचूक हजेरी दुसरीकडे कुठे मिळेल? वाफशापासून भाकरीपर्यंत काहीही सुटलेले नाही. पुढे गाठ मारणे आणि सोडणे येते, विस्तव पेटवणे आणि विझवणे येते, एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत ओझे नेणे येते, आणि दोन अक्षरे लिहिणेही येते. हे शेवटचे कलम ऐकून कोणीतरी म्हणाले की मग काही कार्यालये सातही दिवस शब्बाथ पाळतात. परंतु धर्मचर्चेत असे वैयक्तिक आरोप आम्ही होऊ देत नाही.

ज्यांना एकोणचाळीस हा आकडा मोठा वाटतो त्यांनी पोळा आठवावा. वर्षातून एक दिवस बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही, त्याला न्हाऊ घालतो, झूल चढवतो, आणि त्या एका दिवसाच्या पुण्याईवर उरलेले वर्ष त्याच्याकडून वसूल करतो. तोरेतील आज्ञा मालकाला, त्याच्या मुलाबाळांना, चाकराला, बैलाला आणि गाढवाला एकाच वाक्यात शनिवारची सुटी देते. म्हणजे दर आठवड्याला पोळा, आणि सालदाराचाही. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये अशीही आज्ञा तिथे आहे. आमच्या आज्याच्या खळ्यातल्या बैलांना ती माहीत असती तर त्यांनी धर्मांतराचा विचार केला असता. ही उपमा आम्ही पारावर मांडली तेव्हा बैलांच्या बाजूने अनुकूल मत पडले. मालकांनी मात्र, सोंगणीच्या दिवसांत सोयाबीनवर पाऊस आला तर शब्बाथ पुढे ढकलता येतो काय, अशी पृच्छा केली. येत नाही.

येथे एक कायदेशीर अडचण नमूद करणे आवश्यक आहे. यहुदी नसलेल्या माणसाने शब्बाथ पुरता पाळू नये, असे तलमूद या मिश्नेवरील चर्चाग्रंथात स्पष्ट म्हटले आहे; इतरांना नोहाच्या सात आज्ञा पुरेशा मानल्या आहेत, तोरेतील सहाशे तेरा आज्ञांचा भार फक्त यहुद्यांवर आहे. तेव्हा कुतूहलापोटी हा प्रयोग करणाऱ्या रिठदकराने दिवसभरात निदान एक आगळीक करणे बंधनकारक ठरते. पहिल्या शनिवारी आम्ही ती काळजीपूर्वक योजली होती, दुपारी चारला काडी ओढायची असे ठरवले होते. पण सकाळी सातालाच सवयीने बंब पेटवून बसलो. तेव्हापासून आम्ही आगळिकीची आगाऊ तजवीज करीत नाही.

कलम तिसरे, अध्ययनाचे. सप्ताहात पारायण उरकून आठव्या दिवशी महाप्रसादाला बसणाऱ्या आम्हां लोकांना तोरेची रीत थोडी गैरसोयीची वाटेल. तिचे चोपन्न भाग आहेत, ते आठवड्यागणिक वाचीत वर्षात समाप्त करायचे, आणि ज्या दिवशी शेवटचा अध्याय संपला त्याच दिवशी, त्याच बैठकीत, पहिला उघडायचा. जेवणाची पंगत आहे, पण सुटका नाही. तलमूदाचे याहून कठीण आहे: रोज एक पान घेतले तर दोन हजार सातशे अकरा पाने संपायला सुमारे साडेसात वर्षे लागतात, आणि १९२३ सालापासून जगभरचे वाचक तेच पान त्याच दिवशी वाचीत आहेत. त्या पानाची रचना पाहिली की आम्हांस सातबारा आठवतो: मध्ये मूळ मजकूर थोडासा, आणि भोवती शतकानुशतकांचे फेरफार, एकाने घेतलेली नोंद दुसऱ्याने आव्हान दिलेली, तिसऱ्याने कायम केलेली. फरक एवढाच की तिथे रद्द झालेले मतही खोडीत नाहीत, जपून ठेवतात. अभ्यास एकट्याने करायचा नसतो. जोडीदार लागतो, आणि त्याचे मुख्य काम आपण म्हणू ते अमान्य करणे. अशा जोडीदारांचा रिठदमध्ये तुटवडा नाही. गुंडाळी नसली तरी निम्मी पाठशाळा पारावर रोज भरतेच.

कलम सातवे. चौथे, पाचवे, सहावे कुठे गेले म्हणून विचारू नये. सातव्याला इथे मान आहे. सणांचे पंचांग आमच्यासारखेच चांद्र असून सूर्याशी मेळ घालण्यासाठी एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरतात. मात्र त्या महिन्यात जावयाला धोंडे द्यावे लागत नाहीत, हा सासऱ्यांच्या दृष्टीने मोठाच सुधारणावाद म्हटला पाहिजे. कोकणातल्या या मंडळींनी सणांना जी मराठी नावे दिली ती ऐकून कोणत्याही भाषापंडिताने हात जोडावेत. वर्षारंभ तो नव्याचा सण, पुरीम तो होळीचा सण, यहुद्यांच्या प्राचीन मंदिराच्या नाशाचा उपवास वालाच्या बिरड्याने सोडतात म्हणून तो बिरड्याचा सण, आणि प्रायश्चित्ताचा महादिवस, ज्या दिवशी घराचे दार लावून माणसे आत बसत, तो दारफळणीचा. ज्यांची हिब्रू विसरली त्यांनी जेवणातून आणि दारातून धर्मशास्त्र पुन्हा लिहून काढले. पुढे मुंबईत सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये पहिले सभास्थान बांधले, त्याला लोक मशीदच म्हणत. १८७४ साली पुण्यात छापलेल्या वल्हांडण या सणाच्या मराठी पोथीत बेखमीर भाकरी भाजणाऱ्या बायकांना चक्क लुगडी नेसवली आहेत. आणि त्याच सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने कीर्तनात, झांजांसह, उभी राहिली.

दारफळणीच्या सणाबाबत मात्र सविस्तर सूचना द्याव्या लागतील. पंचवीस तास अन्नपाणी नाही, स्नान नाही, चामड्याचे पायताण नाही. यातले काहीही रिठदकराला जड जाऊ नये, एकादशीचा सराव असतो. जड आहे ती पूर्वअट. देवाविरुद्ध केलेला अपराध देव त्या दिवशी माफ करतो, शेजाऱ्याविरुद्ध केलेला करीत नाही. तो आधी शेजाऱ्याकडे जाऊन मिटवावा लागतो, आणि त्याने नकार दिला तर तीन तीन माणसे सोबत घेऊन तीनदा जावे लागते. आमचा व उत्तरेकडच्या वावरवाल्याचा धुऱ्यावरून सतरा वर्षे अबोला आहे. शेजाऱ्याची शीव सरकवणारा शापित होय, असे तोरेत लिहिले असल्याने, आणि धुरा कोणाकडे सरकला याविषयी मोजणीचे नकाशे दुर्दैवाने आमच्या विरुद्ध असल्याने, आम्ही तिघांना घेऊन त्यांच्या दारात गेलो. चार माणसे एकदम पाहून त्यांनी घरातून फाइल आणली. आम्ही म्हणालो, माफी मागायला आलो आहोत. ते बराच वेळ आमच्याकडे, मग सोबतच्या तिघांकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, “माफी मागाले साक्षीदार कायले लागते? कोणत्या वकिलानं सांगतलं?” वकिलाचे नाव मोशे, असे सांगण्याचा धीर आम्हांस झाला नाही. चहा झाला. धुरा आहे तिथेच आहे. आणखी दोन खेपा शास्त्राप्रमाणे शिल्लक आहेत.

सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा फक्त इस्राएलच्या भूमीला लागू आहे, तेव्हा वऱ्हाडच्या काळ्या मातीला तिचा लाभ नाही. सोयाबीनात तुरीचे तास घेतल्यासही दोष नाही, कारण मिश्र पेरणीचा निषेधही त्याच भूमीपुरता. पण सातव्या वर्षाच्या अखेरीस ऋणको मुक्त होतो, हे कलम वाचल्यापासून गावात या धर्माविषयी आस्था एकाएकी वाढली. नाइलाजाने आम्हांस हेही सांगावे लागले की सातवे वर्ष जवळ आले की सावकार कर्जच देईनासे झाले, तेव्हा हिल्लेल नावाच्या थोर रब्बीने ‘प्रोजबुल’ नावाचा दस्त काढला, ज्यायोगे येणे आधीच न्यायसभेच्या स्वाधीन करून ते बुडण्यापासून वाचवता येई. दोन हजार वर्षांपूर्वीच निकषांसह आणि अटींच्या अधीन राहून कर्जमाफी अस्तित्वात होती, हे कळताच आस्था पूर्वपदावर आली.

ज्यांना वरील काहीही झेपत नाही त्यांनी मलिदा करावा. भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे, वर फळे, आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचे नाव. नवस फेडायचा असो की लग्नकार्य असो, बेने इस्रायलांच्या घरी हे ताट येतेच. त्या शेजारच्या घरी आम्ही ते पहिल्यांदा खाल्ले तेव्हा हा परका धर्म आहे हे आमच्या जिभेला पटेना. ती मंडळी पुढे देश सोडून गेली. जाण्यापूर्वी शेवटच्या शुक्रवारी त्यांच्याकडच्या आजीबाईंनी मनुकांच्या शरबताचा पेला आमच्याही हातात दिला होता, आणि आम्ही, सायकलचे पंक्चर काढायचे म्हणून, उभ्याउभ्याच पिऊन निघालो होतो.

गेल्या पौषातल्या एका शनिवारी आम्ही सूर्यास्तापर्यंत एकही आगळीक न करता पोहोचलो. बंब पेटवला नाही, चिठ्ठी लिहिली नाही, हरभऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नियमाप्रमाणे एक चूक बाकी होती, पण ती करण्याची इच्छा, खरे सांगायचे तर, उरली नव्हती. ओट्यावर बसून आकाशाकडे पाहत होतो. एक तारा दिसला. दुसरा, लिंबाच्या फांदीआड, बहुधा दिसला. तिसऱ्याची वाट पाहत असताना खांबावरच्या तीन तारांत वीज आली, गावभर मोटारी घुरघुरू लागल्या, आणि थ्री फेज किती वेळ टिकेल याचा भरवसा नसल्यामुळे आम्ही चपला तशाच ओट्याखाली ठेवून अनवाणी विहिरीकडे धावलो.