कौतुक पुरे, कडी बसवा

बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बाईच्या तक्रारी फार लहान असतात, म्हणून त्या कुणी लिहून घेत नाही. नळाची वेळ, खोलीला नसलेली कडी, फॉर्मवरचा मोबाइल नंबर, पाळणाघराची फी. यातल्या एकीसाठीही मोर्चा निघत नाही. पण बाई नोकरी सोडते ती या सगळ्यांमुळे मिळून, आणि सोडल्यावर लोक म्हणतात, "तिचं मन बाळात अडकलं." मन अडकत नाही, बाकीचं अडकतं. ते काय काय, हे एकदा ओळीने सांगते.

पहिली तक्रार पाण्याची. आमच्याच जिल्ह्यात भीमेवर 117 टीएमसीचं उजनी धरण आहे आणि सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. घरोघरी हौद, पिंपं, हंडे, कळशा भरून ठेवायची आम्हाला सवय आहे. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. पाणी मध्यरात्री येणार की पहाटे, हे आदल्या दिवशी नक्की कळलं तर घरातली माणसं पाळ्या लावून घेतील. ते कळत नाही, म्हणून मोटर लावायचं काम जो जागा असेल त्याच्याकडे जातं. तान्हं मूल असलेल्या घरात रात्री कोण जागं असतं, हे सांगायला नको. "तू तशीही जागीच असतेस ना," हे आमच्याकडे अगदी मायेने म्हणतात. मी जागी असते कारण मी बाळाला पाजत असते. ते काम आहे. एक काम चालू असताना दुसरं सोपवायचं असेल तर आधी विचारावं, एवढीच अपेक्षा.

याच पाण्याचा हिशेब पुढे पैशात येतो. लंगोट आणि दुपटी रोज धुवायची तर पाणी लागतं. ते जपून वापरायचं म्हणून डायपर आणावे लागतात. महिनाअखेरीस वहीत खर्च पडतो तो "बाळ" या रकान्यात, आणि मग सासरे काळजीने म्हणतात, "आमच्या वेळी मुलं एवढी महाग नव्हती." मूल महाग नाही, पाणी महाग आहे. प्यायच्या पाण्याचे जारही मी त्याच रकान्यातून काढून वेगळे लिहायला लागले आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा, असं सांगितलं जातं. पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसताना भरलेलं पिंप कोण ओतून देईल? मच्छरदाणी, कॉइल, अंगाला लावायचं मलम, हेही बाळाच्याच नावावर चढतं.

दुसरी तक्रार सल्ल्यांची. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपा-ओव्याचं पाणी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते आईने आणि सासूबाईंनी मनापासून केलं आणि मी मनापासून खाल्लं. पण सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. त्या दिवसांत बाळंतिणीने कान बांधून, पायात मोजे घालून, बाजेखाली शेगडी ठेवून शेक घ्यायचा, बाळाला टोपडं घालून दुपट्यात गच्च गुंडाळायचं, आणि ते नको म्हटलं की "शिकलेल्या मुली ऐकत नाहीत" हे ऐकायचं. तान्ह्या बाळाला उष्णता सोसत नाही, ते लवकर कोमेजतं. शेकशेगडी पावसाळ्यात, थंडीत द्यावी. ऋतू पाहून पद्धत बदलली तर परंपरेचं काही बिघडत नाही. त्याहून त्रासाचा प्रश्न म्हणजे, बाळ रडलं की समोरचं माणूस आधी विचारतं, "दूध पुरत नाही का?" बाळ झोपेसाठी रडतं, ओलं झाल्यावर रडतं, उकडल्यावर रडतं. दर वेळी आईला परीक्षेला बसवू नये.

तिसरी तक्रार रजेच्या आकड्यांची. मातृत्व लाभ कायदा 1961 चा. 2017 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच रजा आहे. ही मोठी गोष्ट आहे आणि ती ज्यांनी झगडून मिळवली त्यांचे उपकार आहेत. पण यातले 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, आणि ते 8 आठवडे आधी गेले, तर नंतर उरतात 18. म्हणजे चार महिन्यांहून थोडे जास्त. त्याच वेळी दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या. मधल्या जवळजवळ दोन महिन्यांचं दूध ऑफिसात काढावं लागतं.

आणि ऑफिसात जागा नाही. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. पाळणाघराचं बंधन मात्र 50 कर्मचाऱ्यांपासून पुढे सुरू होतं. आमच्या शहरात टॉवेलचे छोटे कारखाने, पतसंस्था, दुकानं, दवाखाने यांत काम करणाऱ्या कितीतरी बायका पन्नासच्या आतल्या जागीच असतात. मी काम करते तिथेही तेच. जुन्या फायली ठेवायची खोली मला दाखवण्यात आली आणि सगळे फार चांगलं बोलले. खोलीला आतून कडी नाही. दाराला खुर्ची लावून, तिच्यावर पाय दाबून, पंप हातात धरून मी दूध काढते, आणि कुणी फाइल मागायला आलं की "एक मिनिट" म्हणून ओरडते. कडी, चार स्क्रू आणि सुताराची मजुरी मिळून किती होतील ते मी विचारून आले. ऑफिसच्या एका दिवसाच्या चहापेक्षा कमी. मी स्वतः बसवून घेऊ का, असं विचारलं, तर जागा भाड्याची आहे, मालकाला विचारावं लागेल, असं उत्तर आलं. विचारणं अजून चालू आहे.

काढलेलं दूध 25 अंशांच्या आसपास साधारण चार तास टिकतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. ऑफिसच्या फ्रिजमध्ये ताक, उसाचा रस, कुणाच्या तरी उरलेल्या शेंगाचटणीचा डबा, हे सगळं चालतं. आईच्या दुधाची बाटली ठेवली की सहकाऱ्यांना संकोच वाटतो. ते अन्न आहे. त्यावर नाव लिहिलेलं आहे. ते तिथे राहील.

चौथी तक्रार घरच्या हिशेबाची, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. पाळणाघराची फी नेहमी आईच्या पगारातून वजा का होते? समजा बाईचा पगार 18 हजार आहे. पाळणाघर, रिक्षा, पावडरचा डबा मिळून 8 हजार गेले. लगेच नातेवाईक म्हणतात, "10 हजारांसाठी एवढी दगदग कशाला?" मूल दोघांचं आहे. ते 8 हजार दोघांच्या एकत्रित पगारातून वजा करा, मग हा प्रश्न उरत नाही. शिवाय नोकरी म्हणजे या महिन्याचे 10 हजार एवढंच नसतं. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन मिळायला 10 वर्षांची नोकरी लागते, ग्रॅच्युइटीला सर्वसाधारणपणे 5. घराच्या कर्जाला दोघांचं उत्पन्न दाखवलेलं असतं. बाई दोन वर्षं घरी बसली की हप्ता थांबत नाही, तिची वर्षं मात्र थांबतात. हे गणित मी नवऱ्यासमोर वही उघडून मांडलं. आता फी घरखर्चाच्या रकान्यात आहे. रक्कम तीच आहे, पण माझी नोकरी परवडते का, असं आता कुणी विचारत नाही.

पाचवी तक्रार तुलनेची. सोलापुरात हे हमखास ऐकायला मिळतं: "विड्या वळणाऱ्या बायका मूल मांडीवर घेऊन काम करतात, तुला पंख्याखाली बसून काय त्रास?" आमच्या शेजारच्या अक्कांची सून विड्या वळते. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, शेजारी झोळीत बाळ, आणि मजुरी हजार विड्यांवर. हात थांबला की मजुरी थांबली. तंबाखूची धूळ त्याच खोलीत, बाळाच्या श्वासात. 1966 च्या विडी कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या बाईलाही मातृत्व लाभ लागू केला होता. तरी लोक तिच्या रजेबद्दल बोलत नाहीत, तिच्या काटकपणाबद्दल बोलतात आणि तोच काटकपणा माझ्यासमोर ठेवतात. तिचा त्रास हा माझ्यासाठी आदर्श नाही, तिच्यासाठीही नाही. त्या सुनेने केंद्राच्या मातृवंदना योजनेचा अर्ज भरला आहे. पहिल्या बाळासाठी 5 हजार रुपये, तेही हप्त्यांत. दुसरा हप्ता बाळाच्या जन्माची नोंद आणि पहिल्या लशी झाल्यावर. तमिळनाडू आपल्या योजनेतून 18 हजार देतं. तिचा अर्ज अडला आहे तो मोबाइल नंबरपाशी: फोन नवऱ्याचा, ओटीपी नवऱ्याला, नवरा यंत्रमागावर पाळीला. ती बाळ कडेवर घेऊन पुन्हा रांगेत.

मूल सांभाळत राबणाऱ्या बाईचं कौतुक या प्रांताला नवं नाही. गिरण्यांच्या काळात कामाला जाणाऱ्या आया बाळाला अफूची गोळी देऊन निजवत. कौतुकाने ती गोळी सुटली नसती, त्यासाठी पाळणाघर आणि रजा मागावी लागली. जुलै 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातृत्व लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, कारण आईची विश्रांती हे देशाचं हित आहे, असं मांडलं. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. आज कामगार विमा लागू नसेल तिथे रजेचा सगळा पगार मालकावर पडतो, आणि म्हणूनच मुलाखतीत मुलींना "लग्न झालंय का? मूलबाळ?" असं विचारतात. बाबासाहेबांचं म्हणणं अजून तसंच टेबलावर आहे.

एसटी स्थानकांवर आयांसाठी हिरकणी कक्ष आहेत. नाव चांगलं आहे. कथेतली हिरकणी रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर बाळासाठी अंधारात कडा उतरली आणि तिच्या धैर्याचा मान म्हणून तिथे बुरूज उभा राहिला. त्या आईपुढे मी नतमस्तक आहे. पण तो बाका प्रसंग होता, रोजची नोकरी नव्हती. तान्ह्या लेकराची आई आत आहे हे कळल्यावर दरवाजा उघडणं हे पहारेकऱ्याचं काम आहे. आपण दर पिढीला नवे कडे उतरायला लावतो आणि खाली पोचलेल्यांचा सत्कार करतो. ज्या पोचत नाहीत त्यांची नोकरी जाते.

मागितलं की मिळतं, हे सोलापूरला माहीत आहे. कुंभारीत विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकरांच्या नावाची 10 हजार घरांची वसाहत आहे. ती वर्षानुवर्षं नेटाने मागितल्यामुळे उभी राहिली. म्हणून मीही मागते. पाण्याची वेळ आदल्या दिवशी कळवा आणि मोटर लावायची पाळी घरात वाटून घ्या. पाळणाघराचं बंधन 50 वरून खाली आणा, किंवा गल्लीतल्या छोट्या कारखान्यांना मिळून एक पाळणाघर चालवू द्या. अर्जावर आईचा स्वतःचा नंबर नसेल तर तिच्या सहीवर काम होऊ द्या. विडी वळणाऱ्या बाईला तिच्या हक्काची रजेची रक्कम हातात द्या. आणि जिथे बाई दूध काढते त्या खोलीला आतून कडी बसवा. मालकाला विचारायचं असेल तर आजच विचारा, मी उद्या पुन्हा येऊन विचारणार आहे.