सोसायटीच्या सभेसाठी भूविज्ञान

उपनगरात राहून भूविज्ञानाची परिभाषा येत नसेल, तर रीडेव्हलपमेंटच्या सभेत आपला निभाव लागणे कठीण. बिल्डरचा इंजिनियर "सॉइल टेस्टमध्ये हार्ड रॉक लागलाय" म्हणतो आणि सगळे सभासद एकदम पंख्याकडे बघू लागतात. अशा वेळी आपण चष्मा पुसत एवढेच विचारावे, "बेसाल्ट की ब्रेशिया?" पुढच्या निवडणुकीत अध्यक्षपद तुमचेच.

अभ्यासाला अंधेरी पश्चिमेपासून लागावे. गिल्बर्ट हिल म्हणजे सुमारे ६० मीटर उंचीचा काळा सुळका, वर गावदेवीचे देऊळ, पायथ्याशी भिंतीला भिंत लावून घरे. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा गेल्या आणि त्यातून हे खांब सुटले. या भेगांना 'स्तंभाकार संधी' म्हणावे. ही संधी व्याकरणातली नव्हे. बिल्डरला टेकडीच्या भोवताली दिसते तीही नव्हे. वय सहा कोटी वर्षांच्या वर. महापालिकेने तिला वारसास्थळाचा दर्जा दिला २००७ मध्ये, म्हणजे फार उशीर झाला असे म्हणता येणार नाही.

दुसरा पाठ बोरिवलीला, कान्हेरीत. बुद्धमूर्ती मागाहून पाहाव्यात, आधी भिंतीला नाक लावावे. बारीक राखेसारख्या दगडात धारदार कोपऱ्यांचे तुकडे रुतलेले दिसतील. हा ज्वालामुखीचा 'कोणाश्म', म्हणजेच ब्रेशिया. तुकडे गोटे असते तर ते नदीने घासलेले, आणि खडक 'पिंडाश्म'. हा फरक बायकोला समजावून सांगू नये. माकडे तेवढ्यात पिशवी नेतात.

मालाडकरांनी 'ट्रॅकाइट' पाठ करावा. फोर्टातल्या कित्येक देखण्या इमारती मालाडच्या याच पिवळसर दगडात उभ्या आहेत, राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या. तरी उपनगरातला माणूस चर्चगेटची गाडी पकडताना "मुंबईला जाऊन येतो" असेच म्हणणार.

घाटकोपरच्या टेकड्यांवर एकच शब्द पुरतो, तोही पावसाळ्यापुरता: 'दरडप्रवण'. पाटी लावली की शास्त्राचे काम संपते. पाटीखालची माणसे तिथेच झोपतात. मुलुंडला मागे नॅशनल पार्कचा डोंगर आहे, पण तिथले लोक त्याला 'व्ह्यू' म्हणतात, आणि चौरस फुटामागे त्याचे पैसे घेतात.

खरे गुरू मात्र पायलिंगच्या मशीनपाशी भेटतात. मुकादम रॉडला चिकटलेला लालसर भुगा बोटांत चुरतो आणि सांगतो, "मुरूम संपला, आता काळा पत्थर." विदारण, म्हणजे ऊनपावसाने वरचा खडक कुजणे, हा अख्खा धडा त्यात आला. त्याला 'विदारण' हा शब्द शिकवायला जाऊ नये. तो ऐकून घेईल, पण मशीनचे भाडे तासावर असते.

एवढी तयारी झाली की सभेला जावे. खजिनदार विचारतीलच, "बेसाल्ट असला तर आपला कॉर्पस वाढतो की कमी होतो?" याचे उत्तर कुठल्याही परिभाषाकोशात नाही. "सचिव खुलासा करतील," असे म्हणून वेफर्सची बशी पुढे ओढावी.