हात थरथरतोय? अभिनंदन!

डोंबिवली फास्टमध्ये रोज शिरून दाखवणाऱ्या माणसाचं वजन वाढतंच कसं, हे मला न सुटलेलं कोडं आहे. धावणं, लटकणं, श्वास रोखून धरणं, सगळे व्यायाम पासाच्या पैशांत होतात. तरीही घोडबंदर रोडपासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत दर सोसायटीत एक 'वेलनेस कोच' सापडतोच. पूर्वी सोसायटीत एलआयसीचे एजंट असत. ते निदान आपण गेल्यानंतरची सोय तरी करायचे.

मधल्या काळात महाराष्ट्राची दीक्षित डाएट आणि दिवेकर डाएट अशी फाळणी झाली होती. एक म्हणत दोनदाच जेवा, दुसऱ्या म्हणत थोड्या थोड्या वेळाने खा. पण वाद होता तो पोळीभाजीचा. आता कोचची वजन उतरवायची डबी आली आहे. डबीवर हिरवं पान, पानाखाली 'शंभर टक्के नैसर्गिक'. नैसर्गिक तर धोतराही आहे आणि कण्हेरही. पण त्यांना अजून मार्केटिंग मिळालेलं नाही.

कोचचं वैद्यक अगदी सुटसुटीत. झोप उडाली? मेटाबॉलिझम जागा झाला. छातीत धडधडतंय? चरबी जळतेय. हात थरथरतोय, डोकं ठणकतंय? अभिनंदन, टॉक्सिन्स बाहेर पडताहेत! या शास्त्रात बिघडण्याची सोयच नाही. उद्या तोंड वाकडं झालं, तर गालावरची चरबी एका बाजूने आधी उतरली म्हणतील.

आता ठाण्याचीच गोष्ट घ्या. एप्रिल 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून एफेड्रिनचा प्रचंड साठा पकडला. किंमत सांगितली दोन हजार कोटींच्या घरात. सगळ्या वाहिन्या हादरल्या. हेच एफेड्रिन ज्या एफेड्रा नावाच्या झुडपात असतं, त्याच्या 'हर्बल' गोळ्या अमेरिकेत बारीक होण्यासाठी राजरोस विकल्या जात होत्या. ते भूक मारतं, आणि त्याच झपाट्यात रक्तवाहिन्या आवळतं, रक्तदाब चढवतं. मग फिट येणं, भास होणं, मेंदूत रक्तस्राव, जे नशिबी असेल ते. 2003 मध्ये स्टीव्ह बेक्लर हा 23 वर्षांचा बेसबॉलपटू उष्माघाताने गेला, तेव्हा त्याच्या मृत्यूत एफेड्राचाही हात असल्याचं शवचिकित्सकाने सांगितलं. पुढच्याच वर्षी तिथे बंदी आली.

आपल्याकडेही प्रयोग कमी झाले नाहीत. रिमोनाबँट हे वजन उतरवायचं औषध भूक मारता मारता जगण्याची इच्छाही मारू लागलं. नैराश्य, आत्महत्येचे विचार. 2009 मध्ये ते गेलं. सिब्युट्रामिन या तसल्याच दुसऱ्या औषधाने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे दिसल्यावर 2011 मध्ये त्याच्यावरही बंदी आली. मात्र सिब्युट्रामिन मोठं चिवट. परदेशांतल्या तपासण्यांत ते पुन्हा पुन्हा सापडतं, आणि सापडतं कुठे, तर 'हर्बल' डब्यांत, लेबलवर नाव न देता. कोणी नैराश्याची गोळी आधीच घेत असेल, तर मेंदूतलं सिरोटोनिन इतकं चढू शकतं की ताप, झटके आणि थेट आयसीयू. कोच एवढं विचारत नाही. तो कंबर मोजतो.

कायदा नाही असं नाही. 1954 च्या औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात, ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला मनाई आहे, त्या यादीत लठ्ठपणा आहे. मात्र त्या कायद्यातल्या औषधाच्या व्याख्येत एका ठिकाणी अन्न वगळलेलं आहे. म्हणून डबीवर 'फूड सप्लिमेंट' छापलं की ती पोह्यांच्या पंगतीला जाऊन बसते. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहावं लागतं. लिहितात ना! मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत. आणि व्हॉट्सअॅपवरच्या 'आधी-नंतर' फोटोंना कुठला नियम शिवतो, ते फोटो पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसावं.

तेव्हा मंडळी, डबी घेतलीच असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. बोबडी वळली, हात किंवा पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, तर कोचला फोन नको. सरळ मोठं रुग्णालय गाठा. गुठळीने झालेल्या पक्षाघातात ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं. जाताना डबीही सोबत न्या.