साहसी मंडळी
फणसाड म्हणजे मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान. १९८६ साली अभयारण्य झालं. बंदुका गेल्या, ब्लूटूथ स्पीकर आले. परवा सुपेगावच्या बाजूनं आत शिरलो, तर पुढच्या टोळक्याला बिबट्या बघायचा होता. भर साडेअकराच्या उन्हात, तोही ढणाढणा गाणी लावून!

वर फांदीवर एक शेकरू झुपकेदार शेपूट खाली सोडून फळ कुरतडत बसलं होतं. "ही खार एवढंच करते?" एकानं विचारलं. राज्यप्राणी बिचारा! शेकरूनं खाली एकवार पाहिलं, उष्टं फळ नेमकं स्पीकरवर टाकलं आणि पुढच्या झाडावर झेपावलं.

विषय बदलावा म्हणून मी सांगितलं, "इथं पाणवठ्याला गाण म्हणतात."

"मस्त! कुठलं गाणं?"