इसवीसनकाका

गल्लीतली पोरं त्यांना इसवीसनकाका म्हणतात, कारण काकांचं कुठलंही वाक्य सालाशिवाय पुरं होत नाही. विषय मात्र एकच, तलवार. गंमत अशी की त्यांच्याकडे स्वतःची एकही तलवार नाही. घरात धार असलेली वस्तू म्हणजे विळी, आणि तिच्यावर काकूंचा ताबा. काकांकडे आहेत कॅटलॉग. लंडन-न्यूयॉर्कच्या जुन्या शस्त्रविक्रेत्यांचे, लिलाववाल्यांचे. थोडे अस्सल, बाकी झेरॉक्स. काकूंच्या भाषेत, 'मेलेल्या दुकानदारांच्या याद्या'.

पुण्यात ज्या वाड्यात तलवार आहे, तिथे ती शिवकालीनच असते. त्याच्या अलीकडची तलवार बाळगणं कमीपणाचं मानतात. अशा घरांतून काकांना मोठ्या आदरानं बोलावणं येतं. दुसऱ्यांदा येत नाही.

तलवार हातात आली की काका आधी मूठ बघतात आणि मग पातं. "ही दोघं एका वयाची आहेत असं धरून चालू नका," असं बजावतात. आपल्याकडे पातं मुठीत लाखेनं बसवत. मूठ तापवली की लाख सुटते आणि पातं मोकळं होतं. "एकेका पात्यानं तीन-तीन संसार केलेत, साहेब!" पातं सतराव्या शतकातलं, जर्मनीतल्या सोलिंगेनचं; मूठ एकोणिसाव्या शतकातली, इथली. काका दोन्ही काळ सांगतात. मालकाला त्यातला जुना तेवढा ऐकू येतो.

पात्यावरच्या नावांचाही काकांना भरवसा नाही. इस्फहानच्या असदुल्लाचं नाव इतक्या निरनिराळ्या काळांतल्या पात्यांवर सापडतं की ते सगळं खरं मानलं तर तो गृहस्थ दोनशे वर्षं घण मारत बसला असला पाहिजे. जिनोआच्या पात्यांवर दातेरी चंद्रकोरींची जोडी असे. फिरंगी पात्याला भाव आहे म्हटल्यावर इथल्या लोहारांनीही ती बिनदिक्कत ठोकली.

"मग विश्वास ठेवायचा कशावर?" असं कुणी चुकून विचारलं की काका पिशवीतून कॅटलॉग काढतात.

"वर्णनावर मुळीच नाही! 1799 साली श्रीरंगपट्टण पडलं आणि विलायतेत पोचलेली प्रत्येक वाकडी तलवार टिपूची झाली. विक्रेता आणि वारस, जात एकच. एकाला किंमत वाढवायची असते, दुसऱ्याला कुळी. विश्वास ठेवायचा तो मुखपृष्ठावरच्या सालावर. 1898 च्या यादीत हीच तलवार दिसली, तर ती 1898 नंतरची नाही. कधीची, ते देव जाणे. पण नंतरची नाही!"

मात्र तलवार 'हीच' आहे हे ठरवताना काका घाम गाळतात. न्यूयॉर्कचा शस्त्रविक्रेता बॅनरमन कॅटलॉगांत चित्रांचे तेच ठसे वर्षानुवर्षं छापायचा, म्हणून त्याच्या आवृत्त्या एकेक करत मागे मागे चाळायच्या. इंग्लंडातला विक्रेता वेबस्टर यादीतला आकडा वस्तूवरच लिहून ठेवी, म्हणून काकांना तो देवमाणूस वाटतो. एगर्टनचं हिंदी शस्त्रांवरचं 1880 चं पुस्तक तर त्यांच्या उशाशीच असतं.

एका खंडेनवमीला असंच बोलावणं आलं. पाटावर झेंडूत बुडालेली तलवार. यजमान म्हणाले, "पानिपतावर चाललेली आहे." काकांनी वाकून नमस्कार केला, आणि मान वर करता करता रुमालानं मुठीवरचं कुंकू पुसलं. खालून काळ्या शाईतला बारीक आकडा निघाला. इंग्रजी. घरात शांतता. काकांनी पिशवी उघडली, पान काढलं, आकडा जुळवला, चित्र जुळवलं, आणि आनंदानं जाहीर केलं, "विलायतेत विकायला होती! 1890 नंतर!"

यजमानांचा चेहरा पानिपतासारखा झाला. तेवढ्यात माजघरातून ऐंशी पार केलेल्या आजी म्हणाल्या, "मी केव्हाची सांगतेय. आमचे मामंजी बॅरिस्टर होऊन आले ना, तेव्हा बोटीवरून आणलीन ती. माझं ऐकतंय कोण?"

त्या दिवशी काकांना चहासुद्धा मिळाला नाही. पण आजींनी मागच्या दारी बोलावून खिरीची वाटी दिली.

त्यांना दुष्ट म्हणणारे आहेत, पण ते खरं नाही. तलवार खोटी आहे असं काका कधीच म्हणत नाहीत. "हिला हिचं स्वतःचं वय मिळू द्या," एवढंच म्हणतात. लोकांना मात्र तलवारीच्या वयात आपलंही वय मोजून हवं असतं.

2025 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या सोदबीजच्या लिलावातून मिळवली. पातं युरोपी, त्यावर देवनागरीत रघूजींचं नाव, आणि नावापुढे 'फिरंग' असं स्पष्ट कोरलेलं. मालकानं स्वतःच खरं लिहून ठेवल्याचं पाहून काकांना भरून आलं. तलवार मुंबईत आली, मिरवणुकीचे फोटो छापून आले, आम्ही पेढे घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी पेढा घेतला, फोटो चष्मा लावून नीट निरखला आणि काळजीच्या सुरात विचारलं,

"तलवार आली, फार चांगलं झालं. पण लिलावाचा कॅटलॉग आणलाय का कुणी?"