झटपट, पण गेट बंद झाल्यावर

‘पटकन एक बर्गर खाऊन घेऊ’ असं विमानतळावर म्हणणारा माणूस नवखा नसतो, चांगला सराईत असतो. डिजियात्राच्या दारात चेहरा दाखवून तो आत शिरतो. सुरक्षा तपासणीत लॅपटॉप, पट्टा, घड्याळ न सांगता ट्रेमध्ये टाकतो. अशी काटकसरीने वाचवलेली सगळी मिनिटं मग बर्गरच्या काउंटरवर उधळतो.

तिथे आता माणूस ऑर्डर घेत नाही, पडदा घेतो. आणि पडद्याला फार शंका. मोठा हवा का? चीज वाढवू? सोबत फ्राइज? पेय कोणतं? मोबाइल नंबर? लग्न जमवतानाही इतकी चौकशी होत नाही. शेवटी एक नंबर हातात पडतो आणि आपण मान वर करून उभे राहतो. आपल्यानंतर आलेल्याचा नंबर आधी लागतो, कारण त्याने नुसती कॉफी मागितलेली असते.

इकडे बहुतेक देशांतर्गत विमानांचं गेट उड्डाणाच्या 25 मिनिटं आधी बंद होतं. त्यात मुंबईचं विमानतळ ‘सायलेंट’, प्रत्येक विमानाचा पुकारा होत नाही. पूर्वी उशीर झाला तर निदान आपल्या आडनावाची मोडतोड साऱ्या टर्मिनलला ऐकू जायची. आता तीही प्रसिद्धी गेली.

खरा झटपट बर्गर याच शहरात जन्मला. 1966च्या सुमारास अशोक वैद्यांनी दादर स्टेशनाबाहेर वडापाव विकायला सुरुवात केली, ती गाडी पकडणाऱ्यांसाठीच. लोकलही कुणासाठी थांबत नाही. पण वडापाववाल्याने कधी गिऱ्हाइकाला नंबर देऊन ताटकळत ठेवलं नाही. चटणी तिखट की गोड, एवढाच काय तो प्रश्न.

विमानतळावरच्या किमतीचं रडगाणं नेहमीचंच, पण त्यातली गंमत सहसा कुणी सांगत नाही. मुंबईसारख्या विमानतळावर दुकानदार आपल्या विक्रीतला वाटा विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला देतो. विमानतळाचं शुल्क ठरवताना, दुकानं-पार्किंग-जाहिरातींतून कंपनीला मिळालेल्या अशा उत्पन्नातला 30 टक्के भाग हिशेबात वळता करून घेतात, म्हणजे शुल्क तेवढं कमी बसतं. थोडक्यात, तुमच्या महागड्या बर्गरमुळे उपाशी बसलेल्या सहप्रवाशाचाही प्रवास किंचित स्वस्त होतो. त्याने तुमचे आभार मानायला हवेत. तो मानत नाही, कारण तो लाउंजच्या रांगेत कार्ड घेऊन उभा आहे. तिथलं जेवण फुकट असल्यामुळे ती रांग बर्गरच्या रांगेपेक्षा लांब असते.

विमानतळावरचे भाव चढे आहेत, हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. डिसेंबर 2024 मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ उघडलं: चहा 10 रुपये, समोसा 20. म्हणजे विमानतळावर 20 रुपयांत पोट थोडं शांत करता येतं, हे सिद्ध झालं. मग बाकीचे भाव आपोआप ठरतात असं कुणी सांगू नये. ते कुणीतरी ठरवतं, आणि आपण उशिरा पोचतो म्हणून ते चालतात.

तेव्हा पुढच्या खेपेला पोळी-भाजीचा डबा न्या. सुरक्षा तपासणीत तो कुणी अडवत नाही. लोणच्याची बरणी मात्र घरीच ठेवा.